संसार सोडून गेलेली बाई

तो मराठी सिनेमा अमिताने आधी पाहिला होता. त्यावर तिचं लिहूनही झालं होतं. हिंदी मुलखातल्या अधारताल वस्तीत राहणाऱ्या मराठी घरांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. घरी पाहिलेल्या सिनेमांबद्दल तिथे तीच लिहायची, कारण साहित्यात एम. ए. झालेलं दुसरं कुणी त्यात नव्हतं. तिने चार ओळींत नेमकं लिहिलं. पुण्यातलं जोडपं, बायको घर सोडते, घटस्फोट होतो, दिग्दर्शक संयमी आहे. खाली दोन अंगठे आले. त्यातला एक तिच्या वडिलांचा.

मग एकताने आपल्या आवाजात निरोप पाठवला.

एकता तिची शाळेपासूनची मैत्रीण. मुख्य रस्त्यावर चष्म्याच्या दुकानात कामाला होती. घरी ती आणि तिचे वडील, दोघंच. देवीदासकाकांचे कान फॅक्टरीतल्या यंत्रांनी खाल्ले होते. कानातलं मशीन टोचतं म्हणून ते काढून ठेवायचे. एकताची आई, कलावतीकाकू, वारल्यापासून बापलेक रविवारी दुपारी सिनेमा लावायचे. काका चित्र पाहायचे आणि एकता त्यांच्या कानाशी तोंड नेऊन बोलणं सांगायची.

"बायको मेली," निरोपात एकता सांगत होती, "पण तिला घर सोडवून नाही राहिलं. येते, कपाट उघडते, आपल्या साड्या पाहते, चालली जाते. नवऱ्याला दिसते, पण तो बोलत नाही. बोलला तर जाईल ना यार. बाबा तर रडलेच."

ग्रुपमध्ये दिवसभर तेच चाललं. आता मझौली गावी राहणाऱ्या एका मावशींनी तो निरोप माहेरी नागपूरला पाठवला. आणि कुणीतरी अमिताला विचारलं, "दीदी, तुम्ही दुसराच सिनेमा पाहिला का?"

अमिता चक्रावली. मग तिच्या लक्षात आलं. सुरुवातीला सासू फोनवर म्हणते, 'ती संसार सोडून गेली.' म्हणजे नवऱ्याचं घर सोडलं. पण हिंदीत वाढलेल्या कानाला संसार म्हणजे जग. शाळा दोघींची हिंदीच, पण अमिताने पुढे मराठी पुस्तकं वाचली होती, एकताने नाही. एका शब्दावर एकताने त्या बाईला मारलं होतं. सिनेमात बोलणं मुळातच कमी, त्यामुळे पुढे एकताच्या गोष्टीला कुणी अडवलं नाही.

अमिताला बरं वाटलं. फार बरं वाटलं. तिने खुलासा लिहिला, अगदी नम्र. पण पाठवला नाही. आधी तोंडावर सांगायचं होतं. एकताचा चेहरा पाहायचा होता.

रविवारी ती गेली तर तोच सिनेमा पुन्हा लागलेला. काकांचीच फर्माईश.

"ये बेटा, बस," काका म्हणाले. "ती आता येऊनच राहिली."

घरातलंच माणूस बाजारात गेलंय, अशा सुरात ते सिनेमातल्या बाईबद्दल बोलले. अमिताला ते खुपलं. तिच्या लिहिण्यातल्या कुणाची अशी वाट कुणी पाहिली नव्हती.

तेवढ्यात खाली सिलेंडरवाला आला. "अमू, तू सांग बाबाले," एकता उठत म्हणाली. "जोरानं सांगजो."

अमिता काकांजवळच्या स्टुलावर बसली. पडद्यावर कोर्ट होतं. बायको सहीला आली होती. आता फक्त ओरडून खरं सांगायचं होतं.

"मेलेली बाई कोर्टात काहून आली?" काकांनी विचारलं.

अमिता त्यांच्या कानाशी वाकली. काकांनी रिमोट छातीशी धरला होता.

"साक्ष द्यायला, काका."

"कोणाच्या बाजूनं?"

याचा तिने विचार केला नव्हता. "दोघांच्या."

"अच्छा," काका म्हणाले. त्यांचं समाधान झालेलं दिसत नव्हतं.

एकता हात पुसत वर आली.

"अमितानं छान सांगितलं," काका म्हणाले. "आता मागे घे अन् तू सांग."

एकताने रिमोट घेऊन सिनेमा मागे नेला. अमिता स्टुलावरून उठली.

"आली, बाबा. पाहा, कोणीच तिच्याकडे पाहून नाही राहिलं. ना वकील, ना जज. नवरा पण नाही. त्याले माहीत आहे, ही शेवटची बारी आहे."

"मग पाहून काहून नाही घेत?"

"आता पाहिलं तरी जाईल ना."

एकताची चूक पकडायलाच अमिताने पडद्याकडे पाहिलं. वकिलाची नजर कागदांवर होती, जजची फायलीत. नवरा स्वतःचे हात पाहत होता. बाई मधोमध उभी होती आणि खरंच तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

काकांनी डोळे पुसले. अमिताला रडू आलं नाही. हे आपल्याला का दिसलं नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

तिने फोन काढला आणि खुलासा पुसून टाकला. मग त्या चार ओळी पुसायला गेली. इतक्या दिवसांनी त्या आता फक्त तिच्याच फोनमधून गेल्या असत्या. बाकी सगळ्यांकडे तिचा तो 'संयमी' शब्द तसाच राहणार होता.