सुभेदाराचा वंश

मला आधी एक सांगा, माणसानं भरवसा ठेवावा तरी कुणावर? दलालावर? पंचांगावर? का बायकोवर? तुम्ही म्हणाल, गंगाधरशेट, ज्याला जास्त कळतं त्याच्यावर ठेवावा. मी तेच केलं की! आमच्या घरात सगळ्यात जास्त कोणाला कळतं? मला. म्हणून माझ्यावर भरवसा ठेवला आणि पाच वर्षं असा काही फसलो की विचारू नका. विचारलं नाहीत तरी सांगतोच. चहा घ्या.

मुखेडला माझं सरकी-पेंडीचं दुकान. चौथीनंतर मी शाळा सोडली का शाळेनं मला, यावर घरात अजून वाद आहे. पण धंदा हातानं शिकलो. पेंडीचा तुकडा दाढेखाली धरला की ती कधीची हे सांगतो. आणि दुसरा नाद कबुतरांचा. दुकानाच्या मागं पत्र्यावर ढाबळ आहे. साधी कबुतरं नाहीत हं, गिरेबाज! उडता उडता आभाळातच उलट्या कोलांट्या घेत खाली येणारी.

त्यातला राजा म्हणजे सुभेदार. काळा कुळकुळीत, शेपटी तेवढी पांढरी. तो वर गेला की आधी ठिपका व्हायचा. मग ठिपका थबकायचा. आणि मग सुटायचा! डोकं कुठं, शेपटी कुठं, काही कळायचं नाही. नुसती भिंगरी! आता पत्र्यावर आपटतो म्हणून आपण डोळे मिटावेत, तर हा दोन पुरुष उंचीवर पंख उघडून सावरलेला. जणू काही झालंच नाही.

आणि आवाज! मांजरपाट टर्रकन फाडल्यावर होतो ना, तसा. हे माझं वर्णन नव्हे, हुसेनचाचांचं. ते नायगावला शिलाईकाम करायचे आणि आमच्या भागातल्या कबुतरवाल्यांचे उस्ताद होते. सुभेदार त्यांचाच. नजर अधू झाली, जिना चढवेना, तेव्हा त्यांनी ढाबळ मोडली. सगळी कबुतरं वाटली आणि सुभेदार माझ्या हातात दिला.

“गंगाधर, याच्या नसलेतलं, वंशातलं हे शेवटचं,” चाचा म्हणाले. “याच्या लेकीला याच्याखालीच लाव. मग नातीला लाव. याचं रक्त दाट होऊ दे. पण सख्ख्या भावाबहिणींच्या जोड्या लावत बसू नको, हाडं ठिसूळ निघतात. आन वही ठेव. बाप कोण, आई कोण, अंडी कवा, पिल्लू कवा. वहीशिवाय नसल म्हणजे मापाशिवाय सदरा.”

“चाचा, वहीचं तुम्ही मला सांगताव?”

“सांगून राहिलो ना. आन एकदा मरायच्या आधी त्याच्या लेकराची कोलांटी ऐकीव मला. दिसणार न्हाई, पण ऐकू येईल.”

मी शब्द दिला. लाल बाइंडिंगची वही घेतली, लातूरहून एक झकास तांबडी मादी आणून सुभेदाराला लावली. पहिली दोन्ही पिल्लं बोक्यानं नेली. म्हटलं, पुढच्या खेपेला बघू.

पुढची खेप आलीच नाही. पोळ्याच्या दिवशी सकाळी गावात बैलांना रंग लागत होते आणि ढाबळीत सुभेदार पंख पसरून पालथा पडला होता. वय झालं होतं. मी दिवसभर जेवलो नाही. बायकोनं पुरणपोळीचं ताट दोनदा आणलं, दोनदा नेलं.

“माझा बा गेला तवा तुम्ही तिसऱ्या पंगतीला बसून चार पोळ्या खाल्ल्या हुत्या,” ती म्हणाली.

तिचा बाप चांगला होता, पण कोलांटी मारायचा नाही.

पुढचा महिना कसा गेला ते माझं मला माहीत. रोज पाचच्या सुमाराला मान आपोआप वर जायची. आभाळ मोकळंच. गिऱ्हाईक म्हणायचं, शेट, पाऊस बघताव का? मी म्हणायचो, हाव.

त्याच महिन्यात एक पारवा पत्र्यावर येऊन बसू लागला. तोच तो, देवळाच्या शिखरावर अन जिनिंगच्या कौलांवर घुमत असतो तो राखाडी पारवा. मान फुगवून विधवा तांबडीभोवती गोल गोल फिरायचा. इतर वेळी मी खडा मारला असता. पण पितृपंधरवडा होता! मनात आलं, बिचारा सांत्वनाला आलाय. सुभेदाराच्या नावानं चार दाणे याच्या पोटात गेले तर सुभेदाराला पोचतील. मी त्याला रोज मूठभर ज्वारी घालू लागलो. थांबा, आत्ताच हसू नका.

घटस्थापनेच्या दिवशी तांबडीखाली दोन अंडी!

मी जिन्यावरून असा उतरलो की शेवटच्या तीन पायऱ्या लागल्याच नाहीत. “अगं, सुभेदार बाप झाला!”

बायको घटात माती भरत होती. तिनं बोटं मोजली. “त्याला मरून महिना झाला की वो.”

“मग?”

“मग काय? अख्खा भादवा गेला मदी.”

“तुला काय कळतंय? घराण्याचं रक्त हाय ते. दम धरून बसलं असंल.”

ती माती भरत राहिली. आणि मी वही उघडली. आईच्या रकान्यात ‘तांबडी’ लिहिलं. बापाचा रकाना रिकामा. आता व्यापाऱ्याला रिकामा रकाना बघवत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पण खरं सांगू? त्या दिवशी हात व्यापाऱ्याचा नव्हता. मी ठळक अक्षरात लिहिलं, ‘सुभेदार’. लिहिलं आणि छातीतलं काहीतरी खाली बसलं. म्हटलं, गेला नाही तो.

एक अंडं वांझ निघालं. दुसऱ्यातनं नर आला. राखाडी! पंखावर दोन काळ्या पट्ट्या.

“हे तर पारव्यावाणी दिसतंय,” बायको म्हणाली.

“आज्यावर गेलंय.”

“आजा बघितलाव का तुम्ही?”

मी त्याचं नाव ठेवलं छोटा सुभेदार, आणि चाचांनी सांगितलेली रीत तंतोतंत पाळली. आधी त्याच्या लेकी काढल्या. लेकी त्यालाच लावल्या. त्यांच्या पोटी नाती झाल्या, त्याही त्यालाच. सख्ख्या भावाबहिणींची जोडी चुकूनसुद्धा नाही, उस्तादांचा हुकूम! एकेकाची नोंद लाल वहीत. शिस्तीत एवढासा खंड नाही.

आणि रक्त दाट होत गेलं हो! पहिल्या वर्षी पिल्लांत थोडा तांबूसपणा होता. दुसऱ्या वर्षी कमी. चौथ्या वर्षी तर सगळी एका साच्यातली. सगळी राखाडी, सगळ्यांना दोन पट्ट्या. मी गिऱ्हाइकांना वर नेऊन दाखवायचो. “बघा, याला म्हणतात नसल पक्की झाली.”

“शेट, ही कोलांट्या मारत न्हाईत का?”

“खोल कोलांटी मारणारं घराणं उशिरा सुटतं.”

“किती उशिरा?”

“तुम्ही पेंड किती पोती नेणार ते बोला.”

असं चाललं होतं. पाचवं वर्ष लागलं आणि नायगावहून फोन आला. चाचांची सून रेहाना बोलत होती. “भाऊ, अब्बांचं आता काही खरं न्हाई. रोज विचारून राहिले, गंगाधर सुभेदाराचं लेकरू कवा आणतो.”

दुसऱ्या दिवशी सहा उत्तम राखाडी कबुतरं जाळीच्या करंडीत घातली, लाल वही पिशवीत घेतली आणि एसटीत बसलो. कंडक्टरनं करंडीत डोकावून बघितलं.

“शेट, पारवे कुठं घेऊन चाललाव?”

“पारवे न्हाईत ते. घराण्याची कबुतरं हायत.”

“मग एसटीनं कशाला? स्पेशल गाडी करायची.”

अख्खी बस हसली. मी खिडकीबाहेर बघत बसलो. म्हटलं, अडाण्यांशी कोण बोलणार.

चाचा अंगणात बाजेवर होते. केवढं शरीर आणि केवढंसं झालेलं! पण माझा आवाज ऐकून उठून बसले. रेहानानं पाठीला उशी दिली. मी छोटा सुभेदार त्यांच्या हातात दिला. त्यांनी छातीचं हाड चाचपलं, पंख उघडला, शेपटीची पिसं एकेक करून बोटांत धरली. मग पुन्हा पहिल्यापासून सगळं चाचपलं. चेहऱ्यावर काही नाही.

“सोड,” म्हणाले.

मी सहाही सोडली. चाचांनी तळहाताचा कानाला आडोसा केला, डोळे मिटले आणि मान जराशी वर केली. अंगणात कोणी हललं नाही. रेहानानं चुलीवरचं पातेलंसुद्धा उतरवलं, खदखद होऊ नये म्हणून.

कबुतरं वर गेली. एक फेरी मारली. दुसरी मारली. सरळ, सुतात, बस स्टँडला चाललेल्या माणसांसारखी!

“सुटला का रं?”

“आता सुटतील, चाचा.”

“आवाज आला न्हाई.”

“जरा दम धरा.”

तिसरी फेरी झाली आणि सहाही जाऊन पाण्याच्या टाकीवर बसली. तिथं आधीचे पन्नास पारवे होते. त्यातली माझी कोणती? तुम्ही सांगा! पाच वर्षं ज्यांना हातानं दाणा भरवला, ती मला ओळखू येईनात. मी टाकीकडं तोंड करून शिट्ट्या मारतोय, “छोट्या, ये, ये!” अख्खी टाकी माझ्याकडं बघतेय.

चाचांचा हात अजून कानाशीच होता. तो सावकाश खाली आला.

“वही आणलीस का?”

रेहाना अंगणवाडीत सेविका, रजिस्टर वाचायची सवय असलेली. तिनं पहिलं पान काढून मोठ्यानं वाचलं. “सुभेदार मेला, पोळा, सकाळ.” मग पुढचं. “तांबडी, दोन अंडी, घटस्थापना. बाप, सुभेदार.” इथं ती अडखळली. माझ्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

“गंगाधर,” चाचा म्हणाले, “नर मेल्यावर मादी किती दिस त्याची अंडी घालती?”

“आठ. लई तर दहा-बारा.”

“ठावूक हुतं तुला?”

“हाव.”

“त्या दिवशीबी ठावूक हुतं?”

मी खाली बघितलं. “हाव, चाचा.”

आता बोलणार, शिव्या घालणार, मी खांदे आखडून बसलो. तर म्हाताऱ्याच्या पोटातून खळखळ सुरू झाली. हसत होते! हसता हसता खोकला, खोकता खोकता पुन्हा हसू.

“रेहाना, लाइन बघ कशी धरलीय यानं! एक जोडी चुकली न्हाई. गंगाधर, माझ्याच्यानं आयुष्यात झालं न्हाई ते तू केलंस. इतक्या शुद्ध रक्ताचा पारवा साऱ्या मराठवाड्यात निघायचा न्हाई!”

मीही हसलो. काय करणार?

मग त्यांचं हसू थांबलं. अंधूक डोळे आभाळाकडं लागले होते. “मीबी असतो ना, तर हेच लिवलं असतं,” ते हळूच म्हणाले. “पर आता खोड त्याचं नाव. मेलेल्याला सोडावं.”

रेहानानं पेन दिलं. मी पानं उलटत गेलो. बाप सुभेदार. आजा सुभेदार. पणजा सुभेदार. एकेक रेघ मारत गेलो. पहिल्यांदा मेला तेव्हा निदान एका झटक्यात मेला होता. चाचा माझ्या मनगटावर हात ठेवून बसले होते, पेन कितीदा हलतं ते मोजत असावेत. शेवटच्या पानावर म्हणाले, “मांजरपाट फाडल्यावाणी आवाज हुता न्हाई?” मी म्हटलं, “तसाच.” रेहानानं जेवू घातल्याशिवाय सोडलं नाही.

रिकामी करंडी घेऊन दिवे लागायच्या वेळी घरी पोचलो. बायको दारातच.

“कुठं हिंडत हुताव? तुमची कबुतरं कवाच आली.”

“सहाही?”

“सहा कशी? अकरा. येताना पाच पाव्हणे घेऊन आलीत. सगळे एका साच्यातले. लिवा आता वहीत.”

तर आता तुम्ही मला एक जोडी मागताय. देतो की! पैसे नकोत. पण माझी एक विनंती आहे. न्याल त्याच दिवशी वही करा, आणि ती खरी ठेवा. जे बघितलं तेवढंच लिहा. एखादं गेलेलं पाखरू लई आठवलं, तरी त्याचं नाव भलत्या रकान्यात घालू नका. बाप माहीत नसेल तर जागा कोरी सोडा. आणि ‘जोडी कुठून आणली’ या रकान्यात माझं नाव स्वच्छ लिहा, मला वाईट वाटेल म्हणून टाळू नका. त्यापुढं हेही लिहा: देणाऱ्याला कबुतरातलं काही कळत नाही.