काडतुसामागची फट

घाटंजीकडच्या एका शेतकऱ्याचा उजवा डोळा माझ्यामुळे गेला, आणि त्याचा दोष मी त्याच्या सख्ख्या भावावर जाऊ दिला. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

यवतमाळात माझं परवान्याच्या बंदुका दुरुस्त करण्याचं दुकान आहे. वडिलांपासूनचं. येणारे बहुतेक शेतकरी. कपाशीत, तुरीत डुकरं शिरतात, त्यांना हुसकवायला बंदूक लागते. ह्या दोघा भावांकडे त्यांच्या आज्याच्या वेळची रायफल होती. मधून मोडून उघडायची, एकच काडतूस घालायचं, बंद करायची. परवान्यावर दोघांचीही नावं होती.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी दोघं ती घेऊन आले. हातात घेतली तर खुळखुळली. मी काडतुसाच्या बुडावर कागदाची पट्टी ठेवून नळी बंद केली. दोन पट्ट्यांना अडायला हवी होती. चार ठेवल्या तरी बंदच झाली. बिजागरीचा खिळा झिजून नळी पुढं सरकली होती आणि काडतुसामागं फट पडली होती. बुडाला मागून टेका नसला की बार उडताना पितळ फाटतं आणि सगळा जाळ नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येतो. वडिलांनी हातात कानस देण्याआधी मला हे शिकवलं होतं.

"तीन दिवस लागतील, भाऊ," मी म्हटलं.

"तीन दिवसात त रावन जळून राख होते, मिस्त्री," थोरला म्हणाला. "परवा पूजा हाय. पाटावर काय ठिऊ?"

"वहिनीचं उलथनं ठिव," धाकटा म्हणाला. "त्याचा धाक बंदुकीपक्षा जास्त हाय तुले."

थोरल्यानं त्याच्या पाठीत धपाटा घातला. तिघंही हसलो.

खरं काम म्हणजे नवा जाड खिळा कातायचा, भोक गोल करायचं, मग काजळी लावून कुठं टेकतं ते पाहत, घासत, नळी केसाकेसानं मागं बसवायची. मला दसऱ्याच्या सुट्टीत ते करायचं नव्हतं. मी पितळी पत्र्याचा नखाएवढा तुकडा कापला आणि बिजागरीच्या खाचेत चिकटवला. नळी मागं रेटली गेली. बंद करताना आवाज घट्ट आला. "झालं," म्हणून रायफल त्यांच्या हातात दिली.

हे पूजेपुरतं आहे, बार काढू नका, एवढं एक वाक्य बोललो असतो तरी पुरे होतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, काहून? आमच्याकडे दसऱ्याला पूजा झाली की एक-दोन बार आभाळात काढतातच. मला ते माहीत नव्हतं, असं म्हणायला मला जागा नाही.

पहिला बार थोरल्यानं काढला, तो नीट गेला. त्यातच पत्रा दबला असणार. दुसरा धाकट्यानं काढला.

चार दिवसांनी थोरला एकटाच आला. भाऊ नागपूरला दवाखान्यात होता. त्यानं रायफल टेबलावर ठेवली, पण हात तिच्यावरून उचलला नाही.

"मिस्त्री, खरं सांगा. काडतुसं माह्या पेटीतली व्हती. दोन-तीन साल पडून व्हती. तेच नडले काय?"

मी नळी मोडून पाहिली. पत्र्याचा चोळामोळा झालेला दिसला.

"जुन्या काडतुसाचं काही सांगता येत नाही, भाऊ," मी म्हणालो.

"म्हंजे म्याच," तो म्हणाला आणि खाली बसला.

 रायफल ठेवून जा, मी म्हटलं. पत्रा काढून भट्टीत टाकला आणि तीन दिवस बसून आधी जे करायला हवं होतं ते सगळं केलं. इतकं चोख काम माझ्या हातून पुन्हा झालेलं नाही. कुणी उघडून पाहिलं असतं तरी काही सापडलं नसतं.

उन्हाळ्यात धाकटा काळा चष्मा लावून आला. रायफल विकता येते का, विचारत होता. वाटणी झाली होती. मधल्या बांधावर तार होती.

"सडकी काडतुसं फेकाले जिवावर आलं त्याले," तो म्हणाला. "पोरीच्या साक्षगंधाले बी नाही बलावलं म्या त्याले. तुमाले काई बोल नाही, मिस्त्री. तुमचं काम पक्कं हाय."

मी चहा मागवला. उजवीकडं ठेवलेला कप त्याला दिसला नाही. तो चाचपडू लागला तेव्हा मी तो उचलून डावीकडं ठेवला. त्या दुपारी माझ्याकडून तेवढंच झालं.

थोरला कधीमधी दुकानासमोर थांबतो. भाऊ आला होता का, एवढं विचारतो आणि जातो. आपल्या हातानं भावाचा डोळा घालवला, असं तो मानतो.

सांगितलं तर परवाना जाईल, दुकान जाईल, कदाचित कोर्टात उभं राहावं लागेल. ह्या भीतीनं मी इतके दिवस काढले, दुसरं कारण नाही.

त्या दोघांना समोरासमोर बसवून, माझ्या तोंडानं, चूक माझी होती हे सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.