हॉर्नबीमच्या दोन रांगा

अमेरिकेत, बेलव्ह्यूमधलं आमचं घर पहिल्यांदा बघायला गेलो, तेव्हा माझ्या नवऱ्याला मागचं तळं आवडलं आणि मला त्याच तळ्याची धडकी भरली. दोन हजार तीन साल होतं. मुलगी अडीच वर्षांची होती. पळायला शिकली होती, थांबायला अजून शिकायची होती. घरामागे छोटंसं लॉन, लॉन संपलं की उतार, आणि उताराच्या तळाशी पावसाचं पाणी साठवायला खोदलेलं ते तळं. घर विकणाऱ्या बाईंनी त्याला ‘वॉटर व्ह्यू’ म्हटलं. मला पोहता येत नाही. कोकणात, समुद्रापासून तासाभरावर वाढूनही येत नाही, कारण आमच्या घरात पाण्याला सगळेच भ्यायचे आणि मुलांनाही भ्यायला शिकवायचे.

घर घेतलंच. माझी पहिली मागणी कुंपणाची होती. सोसायटीचं म्हणजे इथल्या घरमालकांच्या असोसिएशनचं पत्र आलं की तळ्याच्या बाजूला कुंपण चालणार नाही, त्यानं शेजाऱ्यांचा व्ह्यू जातो, मात्र झाडं लावायला हरकत नाही. मूल बुडालं तरी चालेल, व्ह्यू बुडता कामा नये, असं मी नवऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, अगं, आपण लक्ष ठेवू ना. ‘आपण’ म्हणजे मी. तो सकाळी आठला ऑफिसला जायचा आणि मी डिपेंडंट व्हिसावर, नोकरीला मनाई, म्हणून घरी. पुण्यात मी पाच वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं होतं. काय काय बिघडू शकतं याची यादी करणं एवढंच मला येत होतं, आणि आता ती सगळी यादी एका मुलीची होती.

नर्सरीतला माणूस म्हातारा होता आणि बोलायला कंजूस. मी त्याला सांगितलं की मला झाडांची भिंत हवी आहे, रुंदीला कमी पण जमिनीपासून दाट. त्यानं मला हॉर्नबीम दाखवले. सरळसोट वर जाणारी जात, फांद्या खोडाला धरून उभ्या, आणि पानांवर शिरांच्या बारीक चुण्या, नुकत्याच इस्त्री केलेल्या. खालच्या फांद्यांना कात्री लावू नका, मग ते पायापासून भरतात, असं त्यानं बजावलं. दोन झाडांत पाच फूट अंतर ठेवा म्हणाला. पाच फुटांतून माझी मुलगी तिची तीनचाकी घेऊन आरामात जाईल, असं मी म्हणाले. शेवटी मी माझंच खरं केलं आणि तीन फुटांवर नऊ झाडं लावली.

खड्डे आम्ही दोघांनी खणले, खोल कमी आणि रुंद जास्त. मुळांभोवतीचं गोणपाट कापून काढलं, खोडाचा पसरट भाग मातीच्या वर राहील असं बघितलं, लाकडाचा भुसा पसरला पण खोडापासून वीतभर लांब. हे सगळं मी वहीत लिहून ठेवलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात, इथे उन्हाळा अगदी कोरडा असतो, आठवड्यातून दोनदा प्रत्येक झाडाच्या बुडाशी पाइप बारीक धारेनं सोडून ठेवायचे. पाणी घालताना मुलगी सतत डोळ्यांसमोर हवी, म्हणून तिचा एक हात माझ्या कुर्त्याच्या टोकाला. तिला त्याचा कंटाळा यायचा आणि मला तिच्या कंटाळण्याचा राग यायचा.

त्याआधीच्या, म्हणजे पहिल्याच हिवाळ्यात पानं तपकिरी झाली आणि गळेचनात. वाळून खडखडीत, तरी फांदीला चिकटलेली. झाडं मेली असं समजून मी हबकलेच. नर्सरीत फोन केला तर म्हातारा म्हणाला, नखानं साल खरवडून बघा. खरवडली, आत हिरवं होतं. तरुण हॉर्नबीम कधीकधी जुनी पानं वसंतापर्यंत सोडत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. मला ते आवडलं. ऐन थंडीतही भिंत भिंतच राहणार होती.

पण फटी होत्या. मी रोज बघायचे आणि रोज मला फटीच दिसायच्या. एकदा मुलीला दोन झाडांच्या मध्ये उभं करून तिच्या खांद्यांचं माप घेतलं. मग दुसऱ्या वर्षी मी अजून आठ झाडं आणली आणि पहिल्या रांगेमागे, तिच्या फटींसमोर येतील अशी दुसरी रांग लावली. म्हातारा म्हणाला की दोन्ही रांगांच्या मध्ये तुम्हाला कधी शिरता येणार नाही, छाटणी कशी करणार? मी म्हणाले, कोणाला शिरता येऊ नये म्हणूनच लावतेय. त्यानं खांदे उडवले आणि झाडं गाडीत चढवून दिली.

झाडं त्यांच्या गतीनं वाढतात आणि माझ्यात तेवढा धीर नव्हता. तोवर काहीतरी हवं होतं, म्हणून मी बागुलबुवा आणला. झाडांच्या पलीकडे, पाण्यात बागुलबुवा राहतो, असं मुलीला सांगितलं. ती मराठी सगळं समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. तिनं विचारलं, “कॅन ही प्ले?” म्हणजे त्याच्याशी खेळायचा बेत. इथल्या मुलांच्या पुस्तकांत राक्षससुद्धा मऊ आणि केसाळ असतात, त्यांना मिठी मारायची असते. मग मी आमच्या गावाकडचं काढलं. आमच्याकडे तिन्हीसांजेला बाहेरून हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही, ते माणूस असेलच असं नाही, असं मोठी माणसं सांगायची. मी तिला म्हटलं, तो खेळत नाही. तो आईच्या आवाजात हाक मारतो. अगदी आईसारखा. पाण्याकडून आईची हाक आली तर ओ द्यायची नाही, जायचं नाही, गप्प लपून बसायचं.

या वेळी तिनं डोळे मोठे करून ऐकलं. नवरा म्हणाला, “लहान आहे यार ती, काय हे सांगतेस.” मी म्हणाले, तू दिवसभर घरी राहा, मग मी सांगणार नाही. मला खरं तर फार हायसं वाटलं होतं. त्यानंतर ती झाडांपाशी गेली की आपणहून थांबायची.

दोन हजार पाचच्या डिसेंबरातला शनिवार. नवरा किराणा आणायला गेला होता, मुलगी लॉनवर पाइनच्या झाडांची पडलेली बोंडं गोळा करत होती आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिच्यावर नजर ठेवून होते. तिला मी मुद्दाम भडक नारिंगी जॅकेट घेतलं होतं, कुठूनही दिसावं म्हणून. माझ्या आईचा फोन आला. गावाकडे कोण आजारी, कोणाचं लग्न ठरलं. बोलता बोलता दूध उतू गेलं, मी खिडकीकडे पाठ करून गॅस बंद केला आणि सांडलेलं पुसून घेतलं, एवढंच. वळले तर लॉन रिकामं.

फोन तसाच टाकून मी बाहेर धावले. रांगांच्या टोकाला, जिथे शेवटचं झाड अजून लहान होतं, तिथून पलीकडे बघितलं. नारिंगी जॅकेट तळ्याच्या काठावर पडलेलं. त्याच्यावर बोंडं होती. मुलगी नव्हती.

मी उतारावरून घसरत गेले आणि सरळ पाण्यात शिरले. पाणी कमरेपर्यंत आलं, खाली चिखल होता, पाय रुतत होते. हातांनी पाणी ढवळत होते आणि ओरडत होते. तिचं नाव, पिल्लू, बाळा, ओ दे गं, एकदा ओ दे. आवाज माझा मलाच ओळखू येईना. किती वेळ ते सांगता येणार नाही. पायाला काहीतरी लागलं, मी वाकून डोकं पाण्यात घातलं, ती फांदी होती. देवाला काय काय कबूल केलं ते आठवलं की आजही लाज वाटते. पुन्हा ओरडले. कुठूनच उत्तर आलं नाही.

वर नवऱ्याचा आवाज आला. त्यानं मला पाण्यात पाहिलं होतं आणि पिशव्या तिथेच टाकल्या होत्या. त्यानं लॉनवरून मुलीला हाक मारली, एकच.

“हो बाबा,” असं उत्तर आलं, लगेच, अगदी जवळून.

दोन रांगांच्या मधली तपकिरी पानं हलली आणि ती बाजूनं सरपटत बाहेर आली. कोरडीठाक, केसांत काड्या. पाण्याकडून हाक येत नव्हती, म्हणून ती जॅकेटमध्ये बोंडं भरून काठावर ठेवून आली होती. अजून आणायला रांगांच्या दुसऱ्या टोकानं वर येत होती, तेव्हा पाण्याकडून आईचा आवाज सुरू झाला, म्हणून ती त्या फटीत शिरून गप्प बसली होती. मी सांगितलं होतं तसं, अक्षरशः तसंच. बाबांच्या आवाजाबद्दल मी काहीच सांगितलेलं नव्हतं.

नवरा माझ्याकडे धावायला निघाला तसं तिनं त्याच्या पायाला गच्च मिठी मारली. “डोन्ट गो, बाबा,” ती म्हणाली. “दॅट्स नॉट आई.”

मी म्हटलं, अगं मीच आहे, बघ माझ्याकडे. ती बघत होती. समोर मी, चिखलानं भरलेली, केस तोंडावर आलेली, आईच्याच आवाजात बोलणारी. मी काठाच्या दिशेनं एक पाऊल टाकलं आणि ती किंचाळून बाबांच्या मागे गेली. अजून एक टाकलं, तर ती त्याला घराकडे ओढायला लागली, जीव खाऊन, त्याला वाचवायला. मग मी पाण्यातच थांबले. नवऱ्याला म्हटलं, तू तिला आत घेऊन जा, दार लावून घे. ती दोघं आत जाईपर्यंत मी तिथेच उभी राहिले आणि तोंडातून आवाज काढला नाही.