कोपरावरचा चुडा

आम्हाला हक्क म्हटलं की एकच आठवायचा, हक्काची रजा. आणि तीही कधी मिळायची नाही. म्हणून शिकवणाऱ्या सिस्टरांना रोग्यांचे मानवी हक्क शिकवायला आठवडाभराचा वर्ग भरणार असा हुकूम आला, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. मी छप्पन साली नोकरीला लागले. त्याच साली आमचा यवतमाळ जिल्हा मुंबई राज्यात गेला, पुढे महाराष्ट्र झाला. हुकूम काढणारे बदलले, पण हुकुमाची भाषा तीच राहिली, आणि आमचं काम म्हणजे त्यावर सही करून वॉर्डात पळणं.

आमचं केंद्र तालुक्याच्या गावी होतं. लहानसा दवाखाना, आणि त्याला लागून नर्सबाई तयार करण्याची शाळा. शाळा कसली, कौलारू तीन खोल्या. त्या मुलींना शिकवायचं काम माझं आणि मोठ्या सिस्टरांचं. मोठ्या सिस्टरांनीच मलाही शिकवलेलं, त्यामुळे नोकरी लागून काही वर्षं झाली तरी त्या समोर आल्या की माझा पदर आपोआप खांद्यावर नीट व्हायचा. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. पण हात असा की अडलेलं मूल त्यांच्या हाताला यायचंच. बाळंतरोगानं तापून गेलेल्या बाया त्यांनी तरुणपणी फार पाहिल्या होत्या, म्हणून स्वच्छतेचं त्यांना वेडच होतं. बाळंतिणीच्या खोलीत न्यायचं तर बाईच्या अंगावर एक दागिना नको, बांगडी नको. कोण रडतं, कोण हातापाया पडतं, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे.

दिवस कापसाचे होते. बाजाराकडे जाणाऱ्या बंड्यांची, बैलगाड्यांची, रांग दवाखान्यासमोरून चालायची आणि आमच्या कुंपणाच्या बोरीला कापसाचे पुंजके लटकायचे. पुसदच्या, उमरखेडच्या, घाटंजीच्या शिकवणाऱ्या सिस्टर वर्गासाठी आल्या, माझ्याच क्वार्टरमध्ये उतरल्या. संध्याकाळी आम्ही मीठ घालून तुरीच्या शेंगा उकडायचो आणि सोलत सोलत आपापल्या डॉक्टरांच्या नकला करायचो. इतकं मोकळं हसणं मला पुढे कधी मिळालं नाही. आजही तुरीच्या उकडलेल्या शेंगांचा वास आला की त्या तिघींसाठी जीव तुटतो.

शिकवायला नागपूरच्या एक बाई आल्या होत्या. निवृत्त मेट्रन, पांढरं लुगडं, बारीक आवाज. पहिले दोन दिवस त्यांनी फळ्यावर लिहिलं आणि आम्ही उतरवून घेतलं. माणूस जन्माला येतो तेव्हा काही हक्क घेऊनच येतो, दवाखान्याच्या दारात ते चपलांसारखे काढून ठेवायचे नसतात. तुम्ही शिकवाल तसं तुमच्या मुली वागतील, म्हणून आधी तुम्ही शिका. मोठ्या सिस्टर पहिल्या बाकावर ताठ बसून ऐकायच्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, नागपूरला खाटा जास्त आणि रोगी शहाणे, तिथे हे चालतं. इथे हक्क विचारत बसलो तर बाई दारातच बाळंत होईल. मला वाटलं, पालथ्या घड्यावर पाणी.

तिसऱ्या दिवशी सकाळी घाटंजीकडच्या तांड्यावरून एक बंडी आली. बंडीत विशीतली एक गोरमाटी, म्हणजे बंजारा, बाई, दिवस भरलेली, कळा नुकत्याच सुरू झालेल्या. सोबत सासू आणि नवरा. आदल्या वर्षी तिचं पहिलं मूल तांड्यावरच अडून मेलं होतं, ती स्वतः कशीबशी वाचली होती. डॉक्टरांनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, या खेपेला घरी बाळंतपण केलंत तर बाईही जाईल.

तांड्यावरच्या बाया दवाखान्यात येत नाहीत, अडाणी आहेत, हे आम्ही सगळेच उठताबसता म्हणायचो. ही आली होती. मनगटापासून कोपरापर्यंतच्या बांगड्या तिनं मुकाट्यानं काढून सासूच्या ओटीत टाकल्या. पण कोपराच्या वर, दंडात, हस्तिदंताचा पांढरा चुडा होता. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, तोही काढ. तिनं दोन्ही दंड छातीशी घट्ट धरले. काढत नसशील तर पकडीनं कापावा लागेल, असं म्हणून त्यांनी पक्कड मागवली. याआधी दोघीतिघींचा तसा कापलाही होता.

सासू मधे आली. भांडली नाही, हात जोडून म्हणाली, "बाई, आमच्यात हा चुडो नवरा मेल्यावरच उतरते. तो थ्या दारात उभा हाये."

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, दवाखान्याचा नियम सगळ्यांना एकच. चुड्यासकट खोलीत घेणार नाही. सासूनं सुनेकडे पाहिलं, सुनेनं नकारार्थी मान हलवली, आणि नवरा बैल आणायला वळला.

माझं डोकं फिरलं. एका पांढऱ्या चुड्यापायी बाई मरायला निघाली होती, आणि आम्ही आत बसून हक्क उतरवून घेत होतो. मी तडक नागपूरच्या बाईंकडे गेले आणि म्हटलं, तुम्ही वरून आलेल्या आहात, मोठ्या सिस्टरांना हुकूम करा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, हुकूम केला तर आजचा दिवस निभेल, मी गेले की पुढच्या बाईचा चुडा कापला जाईल. मग म्हणाल्या, बंडी जुंपायला वेळ लागेल ना? नवऱ्याला बैलांना पाणी दाखवायला सांग, आणि सगळ्यांना वर्गात बोलव. मला त्यांचा इतका राग आला की दार आपटूनच मी बाहेर पडले, पण निरोप मात्र दिला.

वर्गात शिकवण्यापुरती एक खाट होती. बाईंनी मोठ्या सिस्टरांना विनंती केली, जरा रोगी म्हणून निजा, आम्ही तुम्हाला खोलीत न्यायची तयारी करतो. त्या निजल्या, कपाळावर आठी घेऊन. बाई त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्या अंगावरून आमच्याशीच बोलू लागल्या. ही पोटुशी आहे, वय चाळिशीच्या पुढे, पाय धुतलेले दिसत नाहीत. हात उचलला, ठेवला. तोंड एका बाजूला वळवलं. घाटंजीच्या सिस्टरला हसू आलं आणि लगेच विरलंही. मोठ्या सिस्टरांचे कान लाल झाले होते.

मग बाई आम्हालाच म्हणाल्या, हिच्या गळ्यातलं काढा, दवाखान्याचा नियम आहे.

मोठ्या सिस्टरांचा हात झटकन मंगळसूत्रावर गेला. बाई पुढे वाकल्या. सिस्टरांनी ते मुठीत धरलं आणि उठून बसल्या. वॉर्डात त्या कायम पुस्तकी मराठी बोलत. त्या दिवशी घरची बोली तोंडात आली.

"बाई, माहे मालक जिते हायेत. हे मी कायले काढू?"

बाईंनी विजयाचा चेहरा केला नाही, त्या फक्त मागे सरकल्या. सिस्टर मूठ तशीच धरून बसल्या होत्या. आपण काय बोललो ते त्यांना आता ऐकू येत असावं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, पण इतक्या जवळून ते मी पहिल्यांदाच पाहिलं. त्या खाटेवरून उतरल्या, चपलाही न घालता बाहेर गेल्या. आम्ही सगळ्या त्यांच्या मागे.

बंडी जुंपून झाली होती. सून आत आडवी झाली होती, ओठ चावून कळा सोसत होती. सिस्टरांनी नवऱ्याला बैल सोडायला सांगितलं. तो घाबरून बघत राहिला, तेव्हा त्यांनी स्वतःच एका बैलाच्या गळ्यातलं जुपणं ओढलं. मला म्हणाल्या, उकळलेल्या फडक्याच्या लांब पट्ट्या आण, चुड्यावरून गुंडाळू, खालचा हात धुऊ, काय अडतं? खरंच काही अडत नव्हतं. इतकी वर्षं कुणी तसा विचारच केला नव्हता.

संध्याकाळी मुलगी झाली, धडधाकट. नागपूरच्या बाई आठवड्याअखेर गेल्या, आणि आमच्या शाळेतल्या मुलींना त्या पट्ट्या गुंडाळायला पुढे मोठ्या सिस्टरच शिकवू लागल्या. पुढच्या हिवाळ्यात तांड्यावरून आणखी बंड्या आल्या. पण मला हटकून आठवते ती त्या दुपारी बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी घडलेली गोष्ट.

पट्ट्या घेऊन मी उभी होते. मोठ्या सिस्टर त्या पोरीसमोर वाकल्या. एरवी त्या थेट हात धरायच्या. त्या दिवशी थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "हात लावू का, माय?"

तिनं मान वळवून सासूकडे पाहिलं. मग दाराबाहेर नवऱ्याकडे पाहिलं. प्रश्न कुणाला विचारलाय तेच तिला कळेना.

"त्याईले नाही," सिस्टर म्हणाल्या. "तुले इचारून राह्यली मी."

ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. कळ आली, गेली, तरी बघतच राहिली. तिच्या अंगाबद्दल तिला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. मग छातीशी घट्ट धरलेले दोन्ही दंड तिनं हळूहळू सोडले, आणि "हाव" म्हणाली.