तानुबाईंची उडती गाय

एरंडोलजवळच्या आमच्या गावात तानुबाई बालवाडी चालवायच्या. साल सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी असेल. मारुतीच्या सभामंडपात प्राण्यांचा एकच तक्ता टांगलेला होता, आणि पोरं त्याच्याकडे न बघताच गाय, घोडा, हत्ती म्हणून मोकळी व्हायची. एके दिवशी चार वर्षांच्या कुंदानं विचारलं, बालवाडी सुटली की तक्त्यातली गाय कुठे जाते?

घरी गेल्यावर तानुबाईंनी साड्यांचे रिकामे खोके कापले, हळद, कुंकू आणि नीळ कालवली आणि पंखांची गाय काढली. ती जरा शेळीसारखी झाली. पानं दाभणानं शिवून दुसऱ्या दिवशी पुस्तक पोरांपुढे ठेवलं. त्यात अक्षर एकही नव्हतं. गाय कुठे निघाली ते पोरांनीच सांगायचं. कोणी तिला मामाच्या गावाला धाडलं, कोणी ढगात चरायला.

बाहेर पारावर बसणारे अभिमननाना हा गलका ऐकून आत आले. पुस्तक पाहून गंभीर झाले.

"हाई बठ्ठं खोटं शे, तानुबाई. गाय कधी उडस का?"

तानुबाईंनी वाद घातला नाही. त्यांना सतरंजीवर बसवलं. कुंदानं पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"नाना, मंग ती उतरी कोठे?"

नाना विचारात पडले. घराच्या धाब्यावर उतरली तर मातीचं छप्पर खाली येईल, म्हणाले. केळीच्या बागेत पानं फाटतील. शेवटी त्यांनी तिला वेचलेल्या कापसाच्या ढिगावर उतरवलं, आणि तिच्या ओल्या नाकाला चिकटलेला कापूस कोणी काढायचा यावर पोरांशी त्यांचं चांगलंच वाजलं. जेवणाची वेळ टळली तरी ते उठले नाहीत.

मग नाना रोजच यायला लागले. आठवड्यानं म्हणाले, "गाय झाई. आते म्हैस काढा." कागद हवा म्हणून त्यांनी घरचं कॅलेंडरच फाडून आणलं, पानांची मागची बाजू कोरी होती. वर्ष संपायला मात्र अजून बराच अवकाश होता.

दिवाळी किती तारखेला आहे ते शोधत नानांच्या बायको, भिकुबाई, बालवाडीत आल्या. तानुबाईंनी ओशाळून दिवाळीच्या महिन्याचं पान पुढे केलं. त्याच्या पाठीवर चंद्रावरच्या डबक्यात एक निळी म्हैस डुंबत होती. नवऱ्याला चार शब्द सुनवायचे ठरवून आलेल्या भिकुबाई म्हशीकडे बघतच राहिल्या.

"या म्हैसनं दूध कोण काढस?" त्यांनी हळूच विचारलं.

पोरं एकदम बोलायला लागली, आणि नाना त्यांच्याहून मोठ्यानं.