बिनपातीचा कांदा

शेळगावात पायाला कुरूप झालं की माणसं शकुबाईकडं जात. ती रानकांदा भाजून बांधायची. तिची धाकटी जाऊ सारजा हे बघून आतल्या आत जळायची. बारा वर्षं मेंढरांमागं उन्हातान्हात माळ तुडवला सारजानं, अन् जाणती कोण, तर उंबऱ्याच्या आत बसलेली थोरली.

१९९४ च्या वैशाखात बारामतीच्या कॉलेजातले एक सर रानकांदा बघायला आले. गावानं त्यांना शकुबाईचंच घर दाखवलं. सारजा न बोलावता मागं निघाली. थोरलीची फजिती व्हावी, एवढंच तिच्या मनात होतं.

माळ करपलेला. एका जागी जमिनीतून नुसताच दांडा वर आलेला, कमरेएवढा, त्यावर मळकट पांढरी फुलं. सरांनी विचारलं, "हाच का?"

"न्हाय," शकुबाई म्हणाली. "त्याला लांब पात असती. ह्याला एक पान न्हाय."

सारजाला हसू आवरेना. गप्प राहिली असती तर सर तसेच परत गेले असते, अन् थोरलीची चूक कुणाला कळली नसती. तेच तिला सोसवेना.

"त्योच हाय," ती म्हणाली. "आधी फूल, मग पाऊस पडल्यावर पात. खणा."

कुदळीनं खणल्यावर मुठीएवढा पांढरा कांदा निघाला. सारजानं एक पाकळी सोलून सरांच्या हातावर ठेवली. "कांद्याचा वास येतोय का? न्हाय. आन् हाताला खाजंल, पुसून घ्या."

सरांनी वहीत तिचं नाव लिहिलं. शकुबाई खाली बघत उभी होती.

परतताना शकुबाई म्हणाली, "तू माळावर हिंडायचीस, तवा मी सासूचं दुखणं काढत हुते. कुणी पातीसकट कांदा दारात आणून दिला, तेवढाच मला ठावा. लई हेवा वाटायचा तुझा."

आपला हेवा कुणी करत असंल, हे सारजाच्या ध्यानीमनी नव्हतं. बरंही वाटलं, अन् रागही आला.

आठ दिवसांनी शकुबाई टोपली घेऊन तिच्या दारात आली. "मलाबी दाखव की, कुठं कुठं हाय ते."

सारजानं पदर खोचला. तिला पाच जागा ठाऊक होत्या. तिनं दोन दाखवल्या.