पायलटचे साठ पाय

आमच्या गल्लीतला पायलट म्हणे लष्करात विमान उडवायचा. ही बातमी कोपऱ्यावरच्या शिंप्याची, आणि तो कापडापेक्षा गोष्टीलाच जास्त झोल देतो. पायलटच्या बायकोने ऐकलं, तेव्हा कपडे वाळत घालता घालता ती म्हणाली, "विमान? ह्यांना शिडीच्या तिसऱ्या पायरीवर घेरी येते. घरातले बल्ब मी बदलते."

खरी गोष्ट जमिनीवरचीच. हा गडी पायदळात, नुकताच हवालदार झालेला, हाताखाली तीस जवान. मुक्कामाला पोचलं की बाकीचे हवालदार आधी चहा गाठत. हा मात्र गुडघे टेकून एकेकाचे बूट काढायला लावी, तळवे बघे, फोडाला पट्टी बांधे, कुणाचा मोजा ओला दिसला तर आपला कोरडा देई. वर शिव्या सढळ हाताने. सारखे पाय बघतो म्हणून जवानांनीच नाव पाडलं, पायलट.

शेजारच्या तुकडीच्या मिशाळ हवालदाराची त्यामुळे फुकटात करमणूक होई. "अरे, हवालदाराचा दरारा हवा. तू तर बुटांचं दुकान मांडलंस."

मग आली तीन दिवसांची डोंगरचाल. सगळे पोचले तरच तुकडी पास. एक जरी गळाला, तर नव्या हवालदाराच्या बाहीवरची पट्टी उतरणार. बायकोने स्वतः शिवलेली, महिन्याभराचीही नव्हती ती.

मिशाळ पहिल्याच दिवशी वाऱ्यासारखा पुढे गेला. पायलट दर दोन तासांनी थांबे. त्याच्या तुकडीतला जाड्या कुरकुरला, "साहेब, अशानं आपण हरणार."

"हरू की. आधी बूट काढ."

तिसऱ्या दिवशी उतारावर मिशाळचे जवान दगडादगडावर तळवे धरून बसलेले दिसू लागले. जाड्याने मोजले, नऊ भरले. पायलटने उरल्यासुरल्या पट्ट्या त्यांनाच बांधल्या.

संध्याकाळी छावणीच्या फाटकातून तीस जण एका तालात आत आले, जाड्या तर चक्क शीळ घालत. मोठ्या साहेबांनी दोनदा मोजलं आणि चष्मा पुसून पायलटच्या बाहीवरच्या पट्टीवर थोपटलं. तीसच्या तीस आणणारी तुकडी तेवढी एकच. सगळ्यांच्या मागून पायलट, लंगडत. स्वतःचे पाय बघायला त्याला सवड कुठली?

मिशाळ पायरीवर बसला होता, बूट पायांत रुतलेले, तोंड एवढंसं झालेलं. तरी जीभ शाबूत.

"काय रे पायलट, तुझं विमान कुठाय?"

"हे काय, साठ पायांवर उतरलंय. चल, बूट काढ, तुझे दोन बघतो."